एकट्याने समुद्रात पोहताना किल्ली आणि मोबाईल कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: दर रविवारी सकाळी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर एकटा पोहायला जातो. साधारण दीड किलोमीटर, पाऊण तास ते तासभर. सोबत गाडीची रिमोटवाली किल्ली, मोबाईल आणि थोडे पैसे असतात. गळ्यात अडकवायचा दीडशे रुपयांचा पाऊच घेतला, त्यावर आयपीएक्स ८ (पाण्यापासून किती बचाव होतो त्याचं मानांकन) छापलंय. पहिल्याच दिवशी आतून वाफ धरली. पाऊच गळतोय का? महागातला घेऊ का?

पाऊच गळतोय की नाही हे तासाभरात घरीच कळेल, ते खाली सांगतो. पण तुमची खरी अडचण पाऊचपेक्षा किल्लीची आहे. किनाऱ्यावर सामान सांभाळायला कोणी नाही म्हणून तीन वस्तू पाण्यात न्याव्या लागतात, आणि तिन्हींचं नुकसान वेगवेगळ्या जातीचं आहे. नोटा भिजल्या तर वाळतात. मोबाईल भिजला तर पैसे जातात. किल्ली भिजली किंवा हरवली तर ओल्या चड्डीवर बंद गाडीसमोर उभं राहायचं, आणि कपडे, पाकीट, चार्जर सगळं काचेच्या पलीकडे. तेव्हा सुरुवात किल्लीपासून करू.

ओळखीची चहाची टपरी किंवा घरगुती खानावळ जवळ असेल तर किल्ली तिथे द्या आणि पुढचं अर्धं विसरा. यात कमीपणा काही नाही. टायरवर, बंपरमागे किंवा चपलेत किल्ली लपवू नका. ती जागा शोधणाऱ्याला तुमच्याइतकीच माहीत असते.

तशी सोय नसेल तर आपली किल्ली नीट ओळखून घ्या. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटच्या पोटात बहुतेक वेळा एक सपाट धातूची किल्ली दडलेली असते. तिने फक्त दार उघडतं. गाडी सुरू व्हायला रिमोटच लागतो. म्हणून बरेचजण रिमोट गाडीतच ठेवतात आणि ती धातूची किल्ली घेऊन पाण्यात उतरतात. तिला पाऊचची गरजच नाही, नाडीला गाठ मारून चड्डीच्या आतल्या खिशात टाकली की झालं. आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसायची. मात्र रिमोट आत असताना बऱ्याच गाड्या बाहेरून लॉक होत नाहीत, किंवा लॉक झाल्या तरी दाराच्या बटणावर कुणीही बोट ठेवलं की उघडतात. त्यासाठी रिमोट ॲल्युमिनियम फॉइलच्या तीन-चार थरांत गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा लागतो. एखाद्या गाडीचा अलार्म धातूच्या किल्लीने दार उघडलं की बोंब मारतो, आणि रिमोट फॉइलमधून काढून गाडी सुरू केल्यावरच गप्प होतो. हे सगळं घराच्या अंगणात, दुसरी किल्ली हातात ठेवून, एकदा करून बघा. किनाऱ्यावर पहिल्यांदा करू नका. आणि काच फोडली तर चोराला गाडीही मिळते, एवढा धोका यात आहेच. वस्तीतल्या पार्किंगमध्ये तो कमी, निर्जन किनाऱ्यावर जास्त.

साध्या किल्लीची स्कूटर असेल तर हा सगळा खटाटोप सोडा. किल्ली भिजू द्या.

आता पाऊचकडे. आतून वाफ धरणं आणि पाणी शिरणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. एक हिशेब करून बघा. कोकणातल्या दमट हवेत, तीस अंश तापमानाला, एक घनमीटर हवेत फार तर तीस ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तुमच्या बंद पाऊचमध्ये हवा किती? शंभर घनसेंटिमीटर, म्हणजे अर्धा कप. त्यात वाफ झाली तीन मिलिग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मिलिग्रॅमचा. म्हणजे आत कोंडलेल्या हवेतून एक अख्खा थेंबही तयार होऊ शकत नाही. पातळ धुरकट पापुद्रा दिसला, बोटाने बाहेरून चोळल्यावर सरकला आणि सावलीत पाऊच उघडा ठेवल्यावर दोन मिनिटांत गेला, तर ती हवेतली ओल आहे, सोडून द्या. पण खालच्या कोपऱ्यात ओघळ जमला असेल तर तो बाहेरून आलाय, किंवा तुम्हीच आत नेलाय: ओल्या हाताने फोन ठेवला, मागच्या वेळचा पाऊच आतून पुरता वाळला नव्हता, नोटा दमट होत्या. उन्हात आतलं पाणी वाफ होतं आणि समुद्राने गार केलेल्या बाजूला जाऊन चिकटतं.

कुठून आलं ते ओळखायची सोपी युक्ती: तो ओघळ बोटावर घेऊन जिभेला लावा. खारट लागला तर समुद्र आत आलाय. हात घामेजलेले किंवा खाऱ्या पाण्याने ओले असतील तर मात्र ही परीक्षा फसते, म्हणून बोट आधी धुऊन पुसा.

आता घरची चाचणी. टिश्यू पेपरचा पाऊचच्या मापाचा तुकडा घ्या. साध्या, पाण्याने पसरणाऱ्या शाईच्या स्केचपेनने त्यावर चार कोपऱ्यांत चार आणि झिपच्या ओळीखाली तीन ठिपके द्या. कोरड्या हाताने आत सरकवा, पाऊच नेहमीसारखा बंद करा, बादलीत टाका आणि वर पाण्याने भरलेला पातेल्यासारखा जड डबा ठेवून बुडवून ठेवा. तुम्ही तासभर पोहता, तर चाचणीही तासभराची. मधे दोन-तीनदा पाण्याखालीच पाऊच हाताने दाबा, वळवा. बाहेर काढल्यावर उघडण्याआधी तो पूर्ण पुसा; नाहीतर उघडताना झिपवरचं पाणी आत पडतं आणि चांगला पाऊच नापास होतो. मग ठिपके बघा. जो ठिपका फुटलाय तिथून पाणी आलंय. झिपच्या टोकाचा ठिपका फुटला तर बहुधा बंद करण्यात चूक आहे, ती सुधारते. खालच्या कोपऱ्यातला किंवा कडेच्या जोडाजवळचा फुटला तर पाऊच फेकायचा. चिकटपट्टी, फेविक्विक, काही लावू नका. फेविक्विक वाळून काचेसारखं कडक होतं आणि पुढच्या घडीला शेजारचं प्लास्टिक फाडतं.

बादलीत खोली जेमतेम एक वीत-दीड वीत. खोलीचा दाब बघायचा असेल आणि घराशेजारी विहीर असेल तर काम सोपं आहे. दोरीला दर मीटरला गाठ मारा, टोकाला दगड बांधा, पाऊच दगडाच्या वर बांधा आणि तीन मीटर खाली सोडून अर्धा तास ठेवा. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे एक वातावरण, म्हणजे तीन मीटरला त्याच्या तीस टक्के. दीडशे रुपयांचे पाऊचही यात पास होतात, आणि हजाराचे नापास होताना दिसतात. किमतीवरून अंदाज बांधू नका.

त्या छापलेल्या आकड्याबद्दलही सांगतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. तुम्ही तासभर पोहता, म्हणजे हा आकडा तुमच्यासाठी अपुरा. आयपीएक्स ८ म्हणजे ७ पेक्षा कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणाऱ्याने स्वतः ठरवायचं असतं. खोली आणि वेळ लिहिलेली नसेल तर नुसत्या ८ ला अर्थ नाही. शिवाय ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यात होते. वाळू, लाटा, ओढ, घडी पडलेलं प्लास्टिक यांतलं काही तिच्यात नसतं.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: उडी. दोन मीटर उंच जेटीवरून उडी मारली तर पाण्यावर आदळताना समोरून बसणारा दाब क्षणभर दोन मीटर खोलीएवढा असतो, तीन मीटरवरून मारली तर तीन मीटरएवढा. त्यात पाऊचच्या तोंडावरचा फ्लॅप (झाकणाची पट्टी) उलटा उचलला जातो आणि वेल्क्रो सुटतो. संथ पोहण्यात पाऊच जेमतेम अर्धा मीटर खाली असतो. तिथे काही होत नाही. पाऊच कमरेला असेल तर उडी मारू नका, चालत पाण्यात जा. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून जाताना एक हात पाऊचवर ठेवा.

बहुतेक गळती बंद करण्याच्या रीतीतून होते, म्हणून तिथे थोडं थांबतो. झिपवाल्या पाऊचमध्ये दोन बारीक कडा एका खाचेत बसतात. त्या खाचेत वाळूचा एक कण, एक केस, सनस्क्रीनचा थेंब किंवा सुकलेल्या मिठाचा खडा अडकला की तिथे टाचणीएवढी वाट राहते, आणि तासभरात तेवढी पुरते. म्हणून पाऊच किनाऱ्यावर भरू नका. गाडीत बसून, कोरड्या हाताने, सनस्क्रीन लावण्याआधी भरा. कोरड्या सुती रुमालाच्या टोकाने खाच आतून-बाहेरून पुसा. फोन गाडीच्या एसीत गार झाला असेल तर पाच मिनिटं काच उघडी ठेवून त्याला बाहेरच्या हवेवर येऊ द्या, नाहीतर गार फोनवर ओल बसते आणि ती आतच कोंडली जाते. सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी टाकलीत तर उरलीसुरली ओल ती ओढून घेते.

झिप बंद करताना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरका, मग उलट दिशेने परत या. दोन्ही टोकं नखाने वेगळी दाबा. गळती बहुतेक तिथेच असते, कारण चिमूट टोकाला पोहोचायच्या आधीच आपण सोडून देतो. उजेडासमोर धरलं तर नीट बसलेली झिप एकसारख्या गडद रेघेसारखी दिसते. मध्ये फिकट तुकडा दिसला की उघडून पुन्हा. मग घड्या. घडी घालायचा पाऊच असेल तर किमान तीन घड्या, प्रत्येक घडी बोटाएवढी रुंद आणि सपाट, तिरकी नाही. घडीत चुणी आली तर चुणीतून पाणी वर चढतं. फोन इतका लांब असेल की दोनच घड्या बसतात, तर पाऊच लहान आहे, मोठा घ्या.

क्लिपचे पाऊच, म्हणजे वर कडक प्लास्टिकची पट्टी आणि दोन फिरकी लॉक असलेले, हाताळायला सोपे असतात. त्यांची झीज लॉकच्या बिजागरीत दिसते. पट्टी बंद असताना कागद आत सरकत असेल तर ती वाकलीय.

तरंगण्याबद्दल. साधारण सोळा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद आणि आठ मिलिमीटर जाड फोनचं आकारमान शंभर घनसेंटिमीटरच्या आत-बाहेर असतं आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाणी त्याला शंभर ग्रॅमनेच उचलतं. उरलेले शंभर ग्रॅम हवेने उचलायला हवेत. अर्धा कप हवा आत ठेवा. किल्ली आणि नाणी टाकली तर त्यांच्या वजनाइतकी आणखी. नाणी टाकूच नका, नोटा न्या. फार हवा कोंडली तर पाऊच फुग्यासारखा वर येऊन पाठीवर आपटतो आणि उन्हात तापून जोडांवर ताण देतो. सगळी हवा काढून सपाट केला तर पट्टा सुटल्यावर तळाशी जातो. भरलेला पाऊच एकदा घरच्या बादलीत सोडा. गोड्या पाण्यात तरंगला तर खाऱ्यात नक्की तरंगेल, कारण समुद्राचं पाणी दोन-अडीच टक्के जड असतं.

तो बांधायचा कुठे? गळ्यातली दोरी पोहण्यासाठी नाही. ती बोटीत बसताना, कयाकमध्ये, धबधब्याखाली ठीक. पोहताना पाऊच छातीखाली लोंबतो, प्रत्येक हाताला अडतो, लाटेत उलटून पाठीवर येतो आणि गळ्याला फास बसायची शक्यता राहते. कमरेचा पट्टा घ्या आणि पाऊच मागे, माकडहाडाच्या वर बसवा. पट्टा कोरडा असताना किंचित घट्ट वाटेल इतका आवळा. नायलॉनचा पट्टा पाणी पिऊन सैल पडतो, पॉलिएस्टरचा तेवढा पडत नाही. नायलॉनचा असेल तर पाण्यात दोन मिनिटं उभं राहून पुन्हा आवळा. पट्ट्याचं उरलेलं टोक लूपमध्ये खोचा, नाहीतर ते पायावर फडफडत राहतं. नुसत्या वेल्क्रोवर विसंबू नका, बकल हवं.

पण दीड किलोमीटर, तासभर, एकटे, आणि त्याच पाण्यात मच्छीमारांच्या होड्या आणि पर्यटकांच्या स्पीडबोटी? तर मी नुसत्या पाऊचपेक्षा मागे ओढायचा तरंगता फुगा घ्यायला सांगेन. भगव्या किंवा पोपटी रंगाचा, कमरेला पट्टा, पट्ट्यापासून छोटी दोरी, आणि पोटात सामानाचा कप्पा. पाण्यात तुमचं डोकं म्हणजे एक काळा नारळ; बोटवाल्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो, फुगा लांबून दिसतो. दम लागला तर धरून थांबता येतं. मात्र तो जीवरक्षक जॅकेट नाही, आणि पोहणं कच्चं असलेल्याने त्याच्या भरवशावर खोलात जाऊ नये. दोरी अशी ठेवा की फुगा पायांच्या मागे राहील आणि लाथ लागणार नाही. बकल एका हाताने, न बघता सुटायला हवं: रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) किंवा साध्या जाळ्याच्या दोरात फुगा अडकला तर तो सोडून निघता आलं पाहिजे. दोन वेगळ्या हवेच्या कप्प्यांचा फुगा घ्या, एक फुटला तरी दुसरा राहतो. वारं सुटलं तर मात्र फुगा तुम्हाला बाजूला ओढतो, आणि घडीवाला कप्पा बराच वेळ पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून मोबाईल आणि (गाडीत ठेवला नसेल तर) रिमोट आधी आपल्या चाचणी केलेल्या छोट्या पाऊचमध्ये, आणि तो पाऊच फुग्याच्या कप्प्यात. असं दुहेरी केलं की तुमचा दीडशेवाला पाऊचसुद्धा पुरतो.

मोबाईल कशासाठी नेताय तेही ठरवा. फोटोसाठी असेल तर पाण्याखाली स्क्रीन बोटाला ओळखत नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे सगळी स्क्रीनच दाबल्यासारखी होते. कॅमेरा पाण्याबाहेर सुरू करा आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढा. मदतीसाठी असेल तर लक्षात घ्या, खाऱ्या पाण्याखाली सिग्नल पोहोचत नाही. फोन पाण्यावर उचलून धरावा लागतो. प्लास्टिकमधून बोटाचा ठसा बहुतेक वेळा चालत नाही, तर पिन पाठ असू द्या. पॉवर बटण लागोपाठ दाबून ११२ लावायची सोय फोनमध्ये असते. किती वेळा दाबायचं ते सेटिंगमध्ये आधी बघून ठेवा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही साठवा. आणि फुग्याला एक प्लास्टिकची शिट्टी बांधा. ती भिजली तरी वाजते.

अंगठी घरी ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि एरवी साबण लावून निघणारी अंगठी आपसूक निसटते.

परत आल्यावर पाऊच बंद असतानाच गोड्या पाण्याखाली धरा, मग पुसून उघडा. खाचेत मीठ सुकू दिलं तर पुढच्या रविवारी तीच गळती. सावलीत, तोंड उघडं ठेवून वाळवा. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. पीव्हीसीचा पाऊच उन्हाने कडक होऊन घडीच्या रेघेत तडकतो. टीपीयूचा (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) मऊ राहतो आणि जास्त टिकतो. डास पळवणाऱ्या क्रीममध्ये डीट असेल तर ते प्लास्टिकच विरघळवतं, त्या हाताने पाऊच धरू नका. घडी घालून कपाटात कोंबण्यापेक्षा सपाट ठेवा. पावसाळ्यात तुम्ही पोहणार नाहीच. मग हंगाम सुरू होताना पुन्हा एकदा ठिपक्यांची चाचणी. घडीच्या रेघेत प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल तर चाचणीही नको, बदला.

एवढं करूनही फोनमध्ये खारं पाणी गेलं तर: लगेच बंद करा, सुरू करून बघू नका, चार्जरला तर अजिबात नाही. फोन पाणीरोधक असेल तर बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, चार्जिंगचं तोंड खाली करून हळू झटका आणि पंख्याखाली ठेवा. तांदळात पुरू नका. तांदूळ मीठ काढत नाही, आणि त्याचं पीठ छिद्रात जातं. साधा फोन असेल तर तसाच बंद ठेवून त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि खारं पाणी गेलंय हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो नुसता वाळवत न बसता उघडून आतलं बोर्ड साफ करेल. रिमोटचंही तेच: बटणसेल काढा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, नवा सेल घाला.

तुमच्या पाऊचच्या चाचणीत कोणता ठिपका फुटला ते कळवा. झिपच्या टोकाचा असेल तर नवा घ्यायची गरज नाही.